विलायतेच्या शाळेत करतात तसं

मधली आळी, नंदाखाल
रविवार, २७ ऑगस्ट १९७८

डेल्फिन,

पाच वर्षांनी लिहिते आहे, तेव्हा आधी खुशाली विचारायला हवी. ती विचारत नाही. तू खुशाल असशीलच. तुझी ख्रिसमसची कार्डं दरवर्षी वेळेवर येतात आणि त्यांवरचे लाल छातीचे पक्षी बर्फात मजेत बसलेले असतात. मी एकाही कार्डाला उत्तर दिलं नाही, हे तुझ्या लक्षात आहे आणि माझ्याही. आई गेल्याची तार मी तुला दफन आटोपल्यावर केली. त्यावर तू जे काही लिहिलं होतंस तेही मी विसरलेले नाही. तो विषय आज नको.

आज कारण दुसरं आहे. फेब्रुवारीत तुझं लांबलचक पत्र आलं होतं, फ्लूच्या साथीचं. तू लिहून मोकळी झालीस, म्हणून मीच आठवण करून देते. तुझ्या त्या वसतिगृहाच्या शाळेत सहाशेपैकी चारशे मुलं आठ-दहा दिवसांत आडवी झाली. मग तुम्ही काय केलंत ते तू चौथीतल्या निबंधासारखं ओळीने लिहिलं होतंस. मोठ्या हॉलमधले बाक बाहेर काढले, तिथं खाटा मांडल्या, खेळाचे सामने रद्द केले, थंडी असूनही खिडक्या उघड्या ठेवल्या, दर दोन तासांनी प्रत्येकाला काहीतरी प्यायला दिलं, प्रत्येकाच्या उशाशी तापाचा तक्ता टांगला. एकही मूल दगावलं नाही. गावातल्या रोजच्या शाळा मात्र आठवडाभर बंद ठेवल्या आणि तिथली पोरं आपापल्या घरी झोपली, असंही होतं. तुझं अक्षर अजून कोंबडीच्या पायासारखंच आहे. त्याला नावं ठेवत मी ते पत्र चारदा वाचलं.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात ताप आपल्या आळीत शिरला. आगाशीचे हरेश्वर डॉक्टर म्हणाले, "बाई, हा तुमच्या बहिणीकडचाच पाहुणा दिसतोय." माझ्या शाळेत त्रेसष्ट मुलं. चार दिवसांत एकोणीस गैरहजर. आमचे आलोशियस मास्तर म्हणाले, शाळा बंद करू. मी म्हटलं, बंद करून पोरांना पाठवता कुठं? आया पहाटे भाजीच्या पाट्या घेऊन दादरला जातात त्या दुपारी येतात. बाप केळीत नाहीतर पानवेलीत. घरात एक म्हातारी, तीही खोकत. तुमच्याकडच्या बंद शाळांच्या मुलांना घरी कुणीतरी असेल. आमच्याकडे जे कुणी आहे ते शाळेतच.

तेव्हा मी पालकांची सभा घेतली आणि तुझं पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. विलायतेच्या शाळेत करतात म्हटल्यावर सगळे गप्प. चर्चमध्ये प्रवचनालाही इतके गप्प बसत नाहीत. दुसऱ्या दिवशी दोन वर्गांतले बाक व्हरांड्यात काढले, चटया अंथरल्या आणि एकोणीस पोरं आत घेतली. नारळाचं पाणी, पेज, तापाच्या गोळ्या. दर दोन तासांनी थर्मामीटर. प्रत्येकाच्या डोक्याशी भिंतीवर तक्ता, रेघा मी स्वतः आखलेल्या. आईबापांनी डबा फाटकाशी ठेवायचा आणि जायचं. आत कुणी नाही.

आणि डेल्फिन, ते चाललं. नऊ दिवस चाललं. अठरा पोरं आपल्या पायांनी घरी गेली.

एकोणिसावी कार्मेलीन. आग्नेल आणि अँजेलिनाची मुलगी, आपल्या विहिरीपलीकडच्या पानवेलीच्या वाडीतली. तू निघालीस तेव्हा ती दोन वर्षांची होती. तुझ्या निरोपाच्या केकमध्ये जिने कोपरापर्यंत हात घातला ती हीच. ८ ऑगस्टला दुपारी गेली. ताप छातीत उतरला, डॉक्टर म्हणाले. झोपेतच गेली, शांतपणे. काही बोलली नाही.

उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला कुणी जाब विचारत नाही, म्हणून मी विचारते. तुम्ही लिहिलंत तसं सगळं आम्ही केलं. मग तुमची चारशेच्या चारशे वाचली आणि माझ्या एकोणिसांतली एक गेली ती का? तुम्ही असं काय करत होतात जे मी केलं नाही? तू नर्स आहेस, तुला माहीत असणार. कळव.

इनेझ


मधली आळी
रविवार, १० सप्टेंबर १९७८

डेल्फिन,

तुझं उत्तर अजून नाही. टपालाला दहा दिवस लागतात हे मला कळतं, तरी पोस्टमन दिसला की मी वर्ग सोडून व्हरांड्यात येते. मुलं हसतात.

परवा चर्चमध्ये कार्मेलीनची महिन्याची मिस्सा झाली. अख्खी आळी आली होती. मिस्सा सुटल्यावर तीन आया माझ्यापाशी आल्या, माझे हात हातात घेतले आणि म्हणाल्या, "टीचर, तुमच्यामुळं आमची पोरं वाचली." अँजेलिना त्यांच्या मागेच उभी होती. तिने ऐकलं. तिने मानही डोलावली.

ती दर रविवारी शाळेत येते. रविवारी शाळा बंद, पण मी तिथंच असते हे तिला माहीत आहे. व्हरांड्याच्या पायरीवर बसते आणि म्हणते, "टीचर, ते पत्र वाचा ना." तिसरीपर्यंत शिकली आहे, छापील अक्षर लावत लावत वाचते. तुझं अक्षर तर मला लागत नाही, तिला कुठून लागणार. मग मी वाचते. हॉलमधले बाक, खाटा, खिडक्या, तक्ता. ती प्रत्येक गोष्टीला बोट दुमडते. "खिडक्या आपण पण उघड्या ठेवलेल्या ना? पाणी पण दिलं ना?" मी हो म्हणते. आणि मग ती विचारते, "आणि आयांना तिथं पण आत नाय घेत ना?"

मी म्हणते, नाही घेत.

तिला हे का ऐकायचं असतं ते सांगते. तिची सासू तिला खाऊ की गिळू करते. घारीवर कोंबडीसुद्धा झेप घेते, म्हणते, आणि तू फाटकाशी पेज ठेवून परत आलीस. आग्नेल भांडत नाही, तो बोलतच नाही. तिच्या हातचं जेवत नाही. म्हातारीने वाढलं तर जेवतो. त्या घरात अँजेलिनाची बाजू घेणारं एकच आहे, ते तुझं पत्र. "मी सासूला सांगितलं," ती मला म्हणाली, "विलायतेत एवढे शिकलेले लोक, ते पण आयांना बाहेरच ठेवतात. तिथल्या आया काय आया नाय?"

पत्रात आईबापांविषयी तू फारसं लिहिलेलं नाहीस. म्हणून मी आपला अर्थ काढून सांगते.

मला झोप लागत नाही, ते वयामुळं असेल. पंचेचाळीस झाली. तू उत्तर पाठव.

इनेझ


मधली आळी
रविवार, १ ऑक्टोबर १९७८

डेल्फिन,

मंगळवारी तुझं पत्र मिळालं. उण्यापुऱ्या आठ ओळी. त्यांतल्या सात सांत्वनाच्या, त्या मी पुन्हा वाचल्या नाहीत. आठवीत तू विचारलं आहेस, "खुर्च्यांचं मी लिहिलं होतं ते तू वाचलं नाहीस का?"

वाचलं होतं. चारदा वाचलं म्हणून मीच तुला कळवलं होतं, नाही का. खोटं बोलणाऱ्याची स्मरणशक्ती चांगली लागते, माझी तेवढीही नाही.

तू लिहिलं होतंस की साथीच्या तिसऱ्या दिवशी एका मुलाची आई दारात येऊन उभी राहिली आणि तुमच्या मेट्रनने तिला मुलाच्या खाटेशी खुर्ची दिली. मग ज्या आल्या त्या सगळ्यांना दिल्या. आईने हातात पेला धरला की मूल पाणी जास्त पितं, असं मेट्रनचं म्हणणं. शाळेतली मुलं चारशे, आया आल्या वीस-पंचवीसच, कारण बाकीच्या फार लांब होत्या. पण आलेल्या एकीलाही परत पाठवलं नाही.

सभेत वाचताना मी त्या ओळींवर बोट ठेवलं आणि बोटाखालचं सोडून पुढचं वाचलं. कुणाच्या लक्षात आलं नाही. कुणाच्या येणार? आळीत मुलांना पत्र वाचायला शिकवते ती मीच.

का केलं, तर त्याची कारणं माझ्यापाशी चांगली होती. एक आई आत आली की तिच्यामागे सासू, जाऊ, आत्या. कुणी मिरच्या ओवाळणार, कुणी लूर्दचं पवित्र पाणी नाकातोंडात घालणार, रडारड वेगळीच. एकोणीस पोरं आणि शंभर माणसं. शिस्तच राहिली नसती. ही कारणं मी आलोशियस मास्तरांना सांगितली असती तर त्यांनाही पटली असती. पण तू माझी बहीण आहेस, तुला पटणार नाहीत. मला ती पोरं माझ्या एकटीच्या हाती हवी होती. एकदा तरी सगळं माझ्या मनासारखं, सरळ रेघेत व्हायला हवं होतं. आईच्या वेळी मी तुला वेळेवर तार केली नाही तीही त्याच कारणाने. तू आली असतीस तर तिने माझ्याकडे पाहिलंच नसतं. आठ महिने तिचं सगळं केलं मी आणि शेवटी नाव तुझं. घे, हेही लिहून टाकलं.

आता ८ ऑगस्टचं. त्या दिवशी सकाळी हरेश्वर डॉक्टरांनी कार्मेलीनची छाती तपासली, इंजेक्शन दिलं आणि निघताना म्हणाले, "हिची आई कुठाय? बसवा तिला जवळ." मी म्हटलं, बसवते. पण त्याच दुपारी फादर आणि संस्थेचे दोघे आमची व्यवस्था बघायला येणार होते. मी ठरवलं, पाहुणे जाऊ देत, मग बोलावू. तीन-चार तासांचा तर प्रश्न.

अँजेलिना बाजारातून परस्पर आली होती. बारा वाजल्यापासून पेजेचा डबा घेऊन फाटकाशी उभी, डोक्यावर प्लास्टिकचा कागद. पाहुणे यायच्या आधी मी शिपाई सेबॅस्टियनला पाठवलं. सांग तिला, मुलगी झोपली आहे, तू घरी जा, भिजत उभी राहिलीस तर बरं दिसत नाही. तो जाऊन आला. म्हणाला, गेली.

पाहुणे आले. मी त्यांना तक्ते दाखवत होते तेव्हा कार्मेलीनने हाक मारली. "आय." फादर वळले. मी म्हटलं, तापात बडबडतात पोरं. तिने पुन्हा मारली. मी त्यांना दुसऱ्या वर्गात नेलं, तिथली पोरं उठून बसलेली होती, ती दाखवायला बरी होती. मग ऑफिसात चहा झाला. पालकांना आत न घेण्याचा नियम संस्थेच्या लोकांना फार आवडला. त्यांनी तो लिहून घेतला.

पाहुण्यांना पोचवून मी वर्गात आले तर शेजारच्या चटईवरचा पॉल म्हणाला, "टीचर, ही पाणी नाय पीत." त्याने स्वतःचा पेला तिच्या तोंडाला लावला होता. पाणी गालावरून उशीत जात होतं.

झोपेत गेली, काही बोलली नाही, हे मी अँजेलिनाला सांगितलं, फादरना सांगितलं, तुला लिहिलं. एकदा बोललं की ते पुढं आपोआप बोललं जातं.

इनेझ


मधली आळी
रविवार, ५ नोव्हेंबर १९७८

डेल्फिन,

ख्रिसमसला तू येतेस हे वाचून मला आनंद व्हायला हवा होता. आळीला झाला. पोस्टमननेच बातमी फोडली असावी. गुरुवारी मृतांच्या दिवशी कबरस्तानात मेणबत्त्या लावायला सगळे जमले होते, तर आईच्या कबरीपाशी मला दहा जणांनी विचारलं, डेल्फिन कधी येते?

अकरावी अँजेलिना. तिने कार्मेलीनच्या कबरीवर झेंडूची चादर केली होती, पांढऱ्या शेवंतीत नाव. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "टीचर, डेल्फिनबाय आली की मी सासूला घेऊन येणार तुमच्याकडं. आग्नेलला पण. तिच्या तोंडून ऐकू दे त्यांना. मी सांगते तर खोटं वाटतं."

आग्नेल पंधरा दिवसांपासून तिच्या हातचं जेवतो. तिनेच सांगितलं, सांगताना लाजली. मी नेहमीसारखं पत्र वाचून दाखवलं त्या रविवारी तो कुंपणाबाहेर सायकल धरून उभा होता, त्याने ऐकलं. आयांना आत घेत नाहीत हे त्याने माझ्या तोंडून ऐकलं आणि घरी जाऊन ताट मागितलं.

तेव्हा आता माझं एक मागणं आहे. आजवर मी तुझ्याकडे काही मागितलेलं नाही, उलट तूच माझ्याकडून माफीची वाट बघत होतीस. तीही देते, हवी तितकी देते, आईच्या कबरीपाशी सगळ्यांसमक्ष देते. पण ती तिघं येतील तेव्हा तू फक्त एवढंच सांग की तिकडंही आयांना बाहेरच ठेवतात. एक वाक्य. तू इंग्लंडहून आलेली, पांढऱ्या टोपीची नर्स. तुझ्या एका वाक्यावर त्या बाईचा संसार उभा राहील.

मला वाचवण्यासाठी सांगू नकोस. मी वाचण्यातली राहिलेली नाही. वर्गात मी मुलांना बेरजा सांगते आणि मधेच थांबते, मुलं माझ्या तोंडाकडे बघत राहतात. संस्थेने माझी ती व्यवस्था छापून तालुक्यातल्या सगळ्या मुख्याध्यापकांना पाठवली आहे. कलम सहा, पालकांना प्रवेश नाही. पुढच्या साथीत वसईपासून विरारपर्यंत किती फाटकांशी किती आया उभ्या राहतील, कोण जाणे. संस्थेला पत्र लिहून ते कलम काढून टाका म्हणायला मी चारदा बसले. कारण काय देऊ? कारण दिलं की सगळं बाहेर येतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझ्या मुठीत काय आहे ते तुला माहीत आहे.

सांगशील ना?

इनेझ


मधली आळी
रविवार, १० डिसेंबर १९७८

प्रिय डेल्फिन,

तू खोटं बोलणार नाहीस, आणि तू यायच्या आत मी सांगितलं नाही तर तू येणारच नाहीस, हे तू दोन ओळींत लिहिलंस. चिडले. मग ते पत्र घेऊन चर्चमध्ये जाऊन बसले. कन्फेशनला गेले नाही. फादरना सांगून मोकळं होणं सोपं होतं, आणि सोप्या वाटा मी पुष्कळ चालले आहे.

गेल्या रविवारी अँजेलिना नेहमीसारखी आली. पायरीवर बसली. पिशवीतून पानांची एक जुडी काढून माझ्याजवळ ठेवली, आग्नेलने दिली म्हणाली. मी म्हटलं, "अँजेलिना, आज पत्र पूर्ण वाचते. मी दर वेळी थोडं सोडत होते."

तिला वाटलं काहीतरी जास्तीचं मिळणार. ती सावरून बसली.

मी वाचलं. खुर्च्यांचं सगळं वाचलं. वाचताना बोट कुठंही ठेवलं नाही. ती बोटं दुमडत होती, ती मधेच थांबली. मग म्हणाली, "परत वाचा." मी परत वाचलं.

"ती पहिली बाई," ती म्हणाली, "किती लांबून आलेली?"

ते तुझ्या पत्रात होतं. दोनशे मैल, रात्रभर गाडीत बसून. मी सांगितलं.

तिने फाटकाकडे पाहिलं. आपल्या व्हरांड्यातून फाटक दिसतं, मधे नुसतं अंगण आहे. वाडीतली बाई, अंतर तिला डोळ्यांनी मोजता येतं. "चाळीस पावलं पण नाय," ती म्हणाली.

मी तिला म्हटलं, नियम माझा होता, तुझी काही चूक नाही. मी घरी येते, तुझ्या सासूसमोर, आग्नेलसमोर हेच सांगते. विलायतेत नव्हता असा नियम, मी केला. मला वाटलं ती उठेल, माझ्या तोंडावर थुंकेल, दगड घेईल. मला ते हवं होतं, डेल्फिन. मी त्याची वाट बघत होते. ती बसूनच राहिली, तेव्हा मला धीर धरवेना. म्हटलं एवढं सांगितलं तर उरलेलंही सांगून टाकावं.

"आणखी एक. ती काही बोलली नाही असं मी सांगितलं होतं, ते खरं नाही. तिने तुला हाक मारली होती. दोनदा मारली."

"तीनदा," अँजेलिना म्हणाली.

मला आधी कळलंच नाही.

"सेबॅस्टियननं जा सांगितलं तर मी घरी नाय गेली. फाटकाशेजारच्या विहिरीमागं उभी राहिली. तिथून वर्गाची खिडकी दिसते. उघडी होती, तुमीच ठेवलेली. पहिल्यांदा हाक मारली ती ऐकली. दुसऱ्यांदा पण ऐकली. मग तुमी पाहुण्यांना घेऊन तिकडं गेल्या आणि तिनं परत मारली, लांब. मी फाटकाची कडी काढली." तिने हात पुढं केला, कडी काढतात तसा. "मग परत लावली. म्हटलं, टीचर आहे आत. टीचरला आपल्यापेक्षा कळतं. उगाच मधे गेलो तर पोरीचंच वाईट व्हायचं. पाहुण्यांसमोर ओरडतील. म्हणून नाय आली."

चार महिने ती हे उरात घेऊन फिरत होती. सासूने कोंबडीहून हलकं ठरवलं, नवऱ्याने ताट सारलं, तरी तिने हे सांगितलं नाही. दर रविवारी माझ्याकडे येऊन ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत होती, कडी लावली ते बरोबर ना. आणि दर रविवारी मी तिला सांगत होते, बरोबर. ते तिच्याकडून त्या दिवशी मी काढून घेतलं. तू काढायला लावलंस म्हणून नव्हे. मला माझं ओझं उतरवायचं होतं, ते मी तिच्या डोक्यावर ठेवलं.

मी रडले. तिच्यासमोर पायरीवर बसून पोरीसारखी रडले. ती नाही रडली. तिने पत्र माझ्या हातातून घेतलं, घडीवर घडी घातली, इतकी बारीक की मुठीत मावेल, आणि मला परत दिलं. म्हणाली, "घरी नका येऊ टीचर. त्यांना काय सांगू नका. आग्नेल आता जेवतो." मग उठली. मी पानं परत द्यायला गेले तर म्हणाली, राहू दे. फाटकाशी गेल्यावर ती कडी काढायची विसरली आणि तशीच उभी राहिली. मी जाऊन काढून दिली.

संस्थेला मी सोमवारीच लिहिलं. कलम सहा माझ्या चुकीच्या वाचनावर आधारलेलं होतं, ते काढावं आणि माझा राजीनामा घ्यावा. अध्यक्षांनी उत्तर दिलं की इतक्या नम्र शिक्षिका आजकाल मिळत नाहीत, राजीनाम्याचा विचार मनातून काढा. कलमाविषयी एक अक्षर नाही.

तू ये. मी सांगितलं आहे, तेव्हा तुझी अट पुरी झाली. विमानतळावर आलोशियस मास्तर येतील, मी आळीतून निघेनसं वाटत नाही. तुला कुणी काही विचारायला येणार नाही. कुणी आलंच तर चहा दे आणि इंग्लंडच्या थंडीचं बोल.

आज रविवार. मिस्सा सुटून दोन तास झाले. ते पत्र मी उलगडून, हाताने सपाट करून पायरीवर ठेवलं आहे, वर दगड ठेवला आहे वाऱ्याने उडू नये म्हणून. ती आलेली नाही. आली तर तिला काय हवं ते वाचून दाखवायचं, असं मी ठरवलं आहे. जे म्हणेल ते वाचीन, लिहिलेलं असो नसो.

ती येणार नाही.

तुझी मोठी बहीण,
इनेझ